उपासना संगीतामागची चारशे वर्षे

आजीची उपासना संगीताची, म्हणजे मराठी ख्रिस्ती गीतांच्या पुस्तकाची, प्रत आमच्या घरात अजून आहे. पुठ्ठा केव्हाच निसटला. कुणीतरी जुन्या कॅलेंडरच्या पानाचे कव्हर घालून पाठीला पांढऱ्या दोऱ्याने टाके मारले आहेत. काही पानांचे कोपरे बोटांच्या तेलाने काळपट झालेत. ती गीते जास्त म्हटली गेलेली. दिवेलागणीला आजी पाटावर बसायची आणि गीताचा नंबर सांगायची. चष्मा घातलेला असे, पण शब्द पाठच असत. नगर जिल्ह्यातल्या आमच्या खेड्यात त्याच वेळी पलीकडच्या आळीतून हरिपाठाचे सूर येत. दोन्हीकडे टाळ तेच आणि अभंगाची ठेवणही तीच. लहानपणी मला या दोन गाण्यांतला फरक फक्त नावाचा वाटायचा.

आता चर्चच्या मंडळ्यांत, तरुण संघांच्या शिबिरांत एक विषय हमखास असतो: आजच्या जगात ख्रिस्ती विश्वासात स्थिर कसे राहायचे? मोबाइल, शहरातली नोकरी, आंतरधर्मीय लग्न, देवाविषयीचे प्रश्न, सगळे चर्चेला येते. उत्तरे मात्र बहुतेक वेळा परदेशी प्रवचनांतून उचललेली असतात. या मातीतल्या ख्रिस्ती माणसाला हा प्रश्न चारशे वर्षांत वारंवार पडला आहे आणि त्याने त्याची किंमत मोजून उत्तरेही दिली आहेत, हे आपण आपल्या मुलांना सांगतच नाही. त्या उत्तरांचा धागा मला दोन गोष्टींत दिसतो. आपल्या बोलीतली प्रार्थना ही एक, आणि वेळ आली तर जातगंगेला व मिशनला, दोघांनाही नम्रपणे 'नाही' म्हणायची तयारी ही दुसरी.

सुरुवात निर्मळ होती असे म्हणता येत नाही. गोव्यात सोळाव्या शतकात धर्मांतरामागे राज्यसत्ता उभी होती. दक्षिण गोव्यातल्या साष्टी भागातली देवळे पाडली गेली आणि १५६० मध्ये इन्क्विझिशनचे, म्हणजे धर्मद्रोहाबद्दल शिक्षा देणारे, न्यायालय आले. हे झाकून ख्रिस्ती इतिहास सांगू नये. त्याच साष्टीत थॉमस स्टीफन्स हा इंग्रज जेझुइट धर्मगुरू १५७९ पासून पुढची चाळीस वर्षे राहिला. नव्या ख्रिस्ती लोकांची जुनी पुराणे बंद झाली होती आणि त्या जागी वाचायला, म्हणायला काही नव्हते. त्यांची ती भूक त्याने ओळखली. त्याचे 'क्रिस्तपुराण' १६१६ मध्ये साष्टीतल्याच रायतूरला छापून झाले: जवळपास अकरा हजार मराठी ओव्या, आणि त्यात मराठी भाषेचे असे कौतुक की ते आजही उद्धृत केले जाते. देवनागरी खिळे नसल्याने ग्रंथ रोमन लिपीत निघाला. पुढे १६८४ मध्ये पोर्तुगीज सत्तेने स्थानिक भाषेवरच बंदीचे फर्मान काढले. त्या काळातल्या तिन्ही छापील आवृत्त्यांची प्रत आज मिळत नाही. पुराण वाचले ते लोकांनी हाताने उतरवून घेतलेल्या प्रतींमुळे आणि म्हणत राहिलेल्या गळ्यांमुळे. १९०७ मध्ये मंगळूरहून जी आवृत्ती निघाली, तीही हस्तलिखितांवरूनच.

वसईची गोष्ट वेगळी. १७३९ मध्ये चिमाजी अप्पांनी किल्ला घेतला, पोर्तुगीज गेले, त्यांच्याबरोबर बरेच युरोपी धर्मगुरूही गेले. ज्या सत्तेच्या सावलीत हा धर्म आला ती सत्ता संपली. धर्म केवळ सत्तेमुळे असता तर तोही तिथेच संपला असता. पण सामवेदी, वाडवळ, कोळी अशा गावांतले ख्रिस्ती ख्रिस्तीच राहिले. भाजीची वाडी, केळीची बाग, विहीर आणि घरातली जपमाळ यांत त्यांचा दिवस सरे. सामवेदी बोली आजही तिथल्या घरांत ऐकू येते. शेजारच्या मुंबईत १८९६ च्या प्लेगात लोकांनी वस्तीवस्तीत क्रूस उभारले. गिरगाव, वांद्र्याच्या गल्ल्यांतून जाताना त्यातले काही अजून दिसतात.

एकोणिसाव्या शतकात चित्र पालटले. आता बळजोरी करणारे राज्य नव्हते, पण ख्रिस्ती होणाऱ्याला घर सोडावे लागे. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८१३ मध्ये मुंबईत आले, १८३१ मध्ये नगरला ठाणे झाले आणि १८४२ मध्ये तिथूनच 'ज्ञानोदय' हे नियतकालिक सुरू झाले. १८४३ मध्ये मुंबईत नारायण शेषाद्री या ब्राह्मण तरुणाने बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत मिशनऱ्यांच्या घरी राहून आला होता. तो अल्पवयीन म्हणून कोर्टाने त्याला बापाच्या हवाली केले. मग त्याला प्रायश्चित्त देऊन जातीत घ्यावे की नाही, यावर सगळे शहर पेटले. घ्यावे म्हणणाऱ्या बाळशास्त्री जांभेकरांनाही बहिष्काराला तोंड द्यावे लागले. धर्म बदलला म्हणून वारसाहक्क जाऊ नये, हा कायदा १८५० मध्ये झाला. त्याआधी बाप्तिस्म्याबरोबर वडिलार्जित घर-जमीनही जाण्याचे भय असे. नारायण शेषाद्रींनी पुढे जालन्याजवळ बेथेल नावाचे ख्रिस्ती गावच वसवले. घर गमावलेल्यांना घर लागतेच.

या सगळ्यांत मला जिच्यापाशी सर्वांत जास्त वेळ थांबावेसे वाटते ती पंडिता रमाबाई. २९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमधल्या वाँटेज इथे त्यांचा बाप्तिस्मा झाला. इथे सनातन्यांनी त्यांना धारेवर धरले, आणि तिकडे मठातल्या भगिनींना वाटले की आता ही आपल्या शिस्तीत बसेल. रमाबाई बसल्या नाहीत. मांसाहार त्यांनी पत्करला नाही. क्रुसावरचा लेख लॅटिनमध्ये कशासाठी, माझ्या देशाच्या संस्कृतात का नको, असे त्यांनी विचारले. चर्चची अमुक एक शिकवण शास्त्रात कुठे आहे, हा प्रश्न त्या पत्रांमागून पत्रे लिहून विचारत राहिल्या. मठातल्या सिस्टर जेराल्डिन यांच्याशी झालेला तो पत्रव्यवहार वाचताना कळते की ही बाई ख्रिस्ताला शरण गेली होती, इंग्रजांना नव्हे.

परत आल्यावर दुसरी परीक्षा. ११ मार्च १८८९ रोजी मुंबईत शारदा सदन सुरू झाले आणि १८९० मध्ये ते पुण्याला हलले. विधवा मुलींनी शिकावे, धर्म त्यांचा त्यांच्यापाशी, असे ठरले होते. रमाबाई पहाटे आपल्या खोलीत प्रार्थना करीत. दार उघडे असे. काही मुली आपणहून येऊन बसू लागल्या. पुण्यात ओरड झाली. दार लावून घ्या, एवढीच मागणी होती. वरवर पाहता ती लहानशी होती. रमाबाईंचे म्हणणे असे की दुसऱ्या मुली आपल्या खोल्यांत आपापली पूजा मोकळेपणी करतात, मग मी माझ्याच घरात चोरून प्रार्थना का करू? १८९३ मध्ये रानडे, भांडारकरांसारख्या सल्लागारांनी सदनाशी संबंध तोडले आणि बऱ्याच पालकांनी मुली काढून नेल्या. दार उघडेच राहिले. रानडे-भांडारकर काही दुष्ट माणसे नव्हती. त्यांचीही अडचण खरी होती, आणि म्हणूनच तो प्रसंग कठीण. विश्वासाची परीक्षा शत्रूपेक्षा चांगल्या मित्रांकडून जास्त होते, हे तिथे दिसते.

पुढे १८९६-९७ च्या दुष्काळात रमाबाईंनी उपाशी मुलींना गोळा करून केडगावला आणले. तिथल्या त्यांच्या 'मुक्ती' या आश्रमातली संख्या काही वर्षांत दीड-दोन हजारांवर गेली. आणि उतारवयात त्यांनी आणखी एक काम हाती घेतले, शास्त्राचे भाषांतर. मराठी बायबल तोवर उपलब्ध होते, पण त्यातली संस्कृतप्रचुर भाषा खेड्यातल्या बाईला कळत नाही, अशी त्यांची तक्रार होती. त्या हिब्रू आणि ग्रीक शिकल्या. मुक्तीच्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या हातांत त्यांनी वाढवलेल्या मुलींचे हात होते. १९२१ मध्ये मुलगी मनोरमा गेली, तरी काम थांबले नाही. अखेरची प्रुफे तपासून झाली आणि ५ एप्रिल १९२२ रोजी रमाबाई गेल्या. ग्रंथ १९२४ मध्ये बाहेर आला.

नारायण वामन टिळकांचा मार्ग आणखी निराळा. १८९३ मध्ये रेल्वेच्या डब्यात एका गोऱ्या सहप्रवाशाने त्यांच्या हाती नवा करार ठेवला आणि दोन वर्षांत तुम्ही ख्रिस्ती व्हाल असे सांगितले, अशी हकिगत आहे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. त्या दिवसाची किंमत त्यांच्या पत्नी लक्ष्मीबाईंनी मोजली. लहानग्या मुलाला, दत्तूला घेऊन त्या चार-पाच वर्षे नवऱ्यापासून वेगळ्या राहिल्या. नगरला आल्यावरही आधी सोवळे सांभाळतच राहिल्या. टिळकांनी बळजबरी केली नाही. माणसामाणसांत शिवाशिव देवाने केली असेल का, या विचाराशी त्या मनात झुंजल्या आणि त्यांचा निर्णय त्यांच्या पायांनी चालत आला. १९०० मध्ये त्यांचाही बाप्तिस्मा झाला. त्यांची 'स्मृतिचित्रे' मराठी वाचकाने आपली मानली, त्यात विश्वासाचा एवढा प्रवास आहे हे मात्र अनेकदा विसरले जाते.

आपण तुकोबांच्या पुलावरून ख्रिस्ताकडे आलो, असे टिळक म्हणत. हे त्यांनी वागण्यातही आणले. परदेशी चालींवर कशीबशी बसवलेली भाषांतरित गीते सोडून त्यांनी अभंग, पदे, कीर्तन यांची वाट धरली. आज मराठी मंडळ्यांत गायल्या जाणाऱ्या गीतांपैकी शंभराहून अधिक त्यांची आहेत. आजीच्या प्रतीतले काळपट कोपरे बहुतेक त्यांच्याच पानांचे. मग १९१७ मध्ये, पन्नाशी उलटल्यावर, त्यांनी मिशनचा पगार सोडला आणि साताऱ्यात 'देवाचा दरबार' मांडला. बाप्तिस्मा झालेले आणि न झालेले असे ख्रिस्ताचे दोन्ही भक्त त्यात चालत. पाठीशी पैसा नव्हता, प्रकृती ढासळत होती. दोन वर्षांत, ९ मे १९१९ रोजी, ते गेले. दरबार फार टिकला नाही, पण मिशनच्या पगाराशिवायही ख्रिस्ताचे मराठी माणूस राहता येते, हे त्याने दाखवून दिले. त्यांचे 'ख्रिस्तायन' हे महाकाव्य अकराव्या अध्यायाशी थांबले होते. लग्नानंतर अक्षरे गिरवायला शिकलेल्या लक्ष्मीबाईंनी पुढचे चौसष्ट अध्याय लिहून ते पुरे केले.

ही नावे पुस्तकांत आली, कारण ती लिहिणाऱ्यांची होती. मंडळीचा मोठा भाग मात्र नगर, नाशिक, सोलापूर, जालन्याकडच्या महार-मांग घराण्यांतून आला. त्यांचे घर आधीच गावकुसाबाहेर होते. पाणवठ्यावर त्यांना ख्रिस्ती झाल्यावरही कुणी जवळ येऊ दिले नाही, आणि खुद्द मंडळीतही जात पुरती गेली नाही. मिशनने शाळा दिली, अक्षर दिले. ते अक्षर घेऊन शिक्षक, नर्स, पाळक अशा पिढ्या उभ्या राहिल्या.

त्यांच्यापुढचा आधुनिक काळातला सर्वांत अवघड पेच एका कागदातून आला. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने अनुसूचित जातीचा दर्जा हिंदूंपुरता ठेवला. १९५६ मध्ये शीख आणि १९९० मध्ये बौद्ध त्यात आले. ख्रिस्ती आणि मुस्लिम आजही बाहेर आहेत. रंगनाथ मिश्र आयोगाने २००७ मध्ये धर्माची अट काढावी असे सुचवले, २०२२ मध्ये बालकृष्णन आयोग नेमला गेला, न्यायालयात याचिका आहेतच. तोवर गावोगाव काय चालते ते आम्ही घरात पाहिले. माझ्या नात्यातल्या एका काकांच्या शाळेच्या दाखल्यावर एक धर्म होता आणि मंडळीच्या बाप्तिस्म्याच्या वहीत दुसरा. नोकरी लागली ती पहिल्या कागदावर. काका दर रविवारी मागच्या बाकावर बसत आणि प्रभुभोजनाच्या, म्हणजे भाकर आणि द्राक्षरस घेण्याच्या, वेळी उठत नसत. माझे मन हा विषय निघाला की त्यांच्याकडे जाते. त्यांना कच्च्या विश्वासाचा म्हणायला माझी जीभ वळत नाही. ज्यांनी दाखल्यावर ख्रिस्ती लिहून नोकरी सोडली, त्यांच्यापुढे मात्र मान झुकते.

विसाव्या शतकातच आणखी एक गोष्ट घडली. १९६२ ते १९६५ या काळात दुसरी व्हॅटिकन परिषद झाली आणि कॅथलिक देवळांत लॅटिनच्या जागी लोकभाषा आली. वसईच्या म्हातारीला जो मिस्सा, म्हणजे देवळातला मुख्य उपासनाविधी, जन्मभर न कळता श्रद्धेने ऐकावा लागला, तो तिला मराठीत कळू लागला. २९ नोव्हेंबर १९७० रोजी नागपुरात सहा चर्चसंस्था एकत्र येऊन उत्तर भारतीय चर्चची स्थापना झाली. वसईतून फादर फ्रान्सिस दिब्रिटो पुढे आले. 'सुवार्ता' मासिकाचे संपादन, हरित वसईची चळवळ, 'सुबोध बायबल' अशी त्यांची कामे एकाच श्रद्धेतून निघाली होती. जमीन आणि पाणी वाचवायला रस्त्यावर उतरणे त्यांना प्रार्थनेपासून वेगळे वाटत नसे. जानेवारी २०२० मध्ये उस्मानाबादच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले तेव्हा, ख्रिस्ती धर्मगुरू कसा चालेल, म्हणून काहींनी विरोध केला. पाठीचे दुखणे सोसत ते गेले आणि भाषण पुरे केले. २५ जुलै २०२४ रोजी त्यांचे निधन झाले.

२०११ च्या जनगणनेत महाराष्ट्रात ख्रिस्ती सुमारे १०.८ लाख होते, एक टक्क्याला किंचित कमी. त्यातही मराठीत प्रार्थना करणारे किती उरतील, ही चिंता आता घराघरांत आहे. मुले इंग्रजी शाळेत जातात, नोकरीला पुण्या-मुंबईला नाहीतर आखातात. तिथे मोठमोठ्या इंग्रजी उपासना आहेत. गिटार आणि पडदा असतो, गर्दीही असते. त्यात वाईट काही नाही. देव कुठल्याही भाषेत ऐकतो. पण दुःखाच्या वेळी तोंडातून जी भाषा निघते तिच्यात आपल्याजवळ प्रार्थना नसेल, तर माणूस मुका होतो. आजी गेली तेव्हा हे मी पाहिले. शहरातून आलेली नातवंडे खाटेभोवती उभी होती, रडत होती, आणि एकाही गीताचा दुसरा चरण कुणाला येत नव्हता. शेवटी पलीकडच्या आळीतल्या एका वारकरी आजोबांनी, आयुष्यभर ऐकून पाठ झालेले, टिळकांचे एक पद उचलले.

त्यानंतर माझ्या पुतणीने एक काम सुरू केले. ती आजीच्या प्रतीतले एकेक गीत मोबाइलवर टाइप करते आणि दर शनिवारी रात्री सगळ्या भावंडांना पाठवते. काहींना देवनागरी वाचायला वेळ लागतो, म्हणून ती रोमन अक्षरांत लिहिते. स्टीफन्सचे पुराणही रायतूरला याच अक्षरांत छापले होते, हे मी तिला सांगितले. तिने मान वर न करता विचारले, त्याच्याकडेही फॉन्ट नव्हता का?