हेलियम सिलिंडर: पुरवठा का अडतो, घेतलेला वायू कुठे जातो

हेलियमची ऑर्डर दिली तरी कधीकधी आम्हाला तारीख सांगता येत नाही. युरेनियम आणि थोरियमच्या किरणोत्सर्गी ऱ्हासातून हा वायू खडकांत कोट्यवधी वर्षं तयार होतो आणि नैसर्गिक वायूबरोबर अडकून राहतो. हवेत त्याचं प्रमाण दहा लाखांत जेमतेम पाच भाग, त्यामुळे हवेतून वेगळा करणं परवडत नाही. अमेरिका, कतार, अल्जीरिया, रशिया अशा मोजक्याच देशांवर भिस्त असते. २०१७ मध्ये शेजारी देशांनी कतारची कोंडी करून वाहतूक अडवली तेव्हा तिथले हेलियम प्रकल्प काही काळ बंद पडले. साठा करावा, तर उणे २६९ अंशांचा द्रव उत्तम टाकीतही थोडाथोडा उकळत राहतो.

४७ लिटरच्या सिलिंडरमध्ये १५० बारला (बार हे दाबाचं एकक) साधारण ७ घनमीटर वायू असतो. १५ अंशांना १५० दाखवणारा दाबमापकाचा काटा ५ अंशांना १४५ वर येतो. वायू तेवढाच असतो, थंडीत दाब उतरतो.

खरं नुकसान जोडावर होतं. मिनिटाला १०० मिलिलिटर गळती किरकोळ वाटते, पण तेवढ्याने भरलेला सिलिंडर सात आठवड्यांत रिकामा होतो. रबरी नळीच्या तर भिंतीतूनच हेलियम झिरपतं. तांब्याची किंवा स्टेनलेस स्टीलची नळी वापरा. रेग्युलेटर (दाब कमी करणारं उपकरण) बसवून पुढची लाइन, म्हणजे वायूची नळी, बंद ठेवा, सिलिंडरचा व्हॉल्व्ह हळू उघडून पुन्हा बंद करा आणि दहा मिनिटं काटा पाहा. सरकला, तर जोडांना साबणाचं पाणी लावून बुडबुडे शोधा. सिलिंडरच्या जोडावर टेफ्लॉन टेप गुंडाळू नका: तिथे वायू आट्यांनी नाही, धातूच्या टेकणीने अडतो, आणि टेपमुळे ती नीट बसत नाही. काम संपलं की सिलिंडरचाच व्हॉल्व्ह बंद करा, फक्त रेग्युलेटर नको.

लाइन धुवायला हेलियम वापरणं आम्हाला उधळपट्टी वाटते. तिथे नायट्रोजन चालतो. गळती तपासायला ५ टक्के हायड्रोजन आणि ९५ टक्के नायट्रोजनचं मिश्रण चालतं, पण डिटेक्टर हायड्रोजनचा हवा. कमानीला बांधायच्या फुग्यांत पंपाची हवा भरा. तरंगणाऱ्या ११ इंची फुग्याला सुमारे १५ लिटर हेलियम लागतं आणि तो बहुधा दुसऱ्या दिवशी खाली येतो. त्यात हायड्रोजन मात्र कधीच भरू नका, तो पेट घेतो.

सिलिंडर पूर्ण रिकामा करू नका. २–३ बार शिल्लक असतानाच व्हॉल्व्ह बंद करून टोपी लावून परत द्या. नाहीतर आत हवा आणि ओल शिरते आणि पुन्हा भरण्याआधी तो साफ करावा लागतो.