जारवा आणि ग्रेट अंडमानी: एवढा घोळ पुरे

अंडमानच्या आदिवासींपैकी सेंटिनली कोण, हे २०१८ मध्ये त्यांच्या बेटावर गेलेला अमेरिकन मारला गेल्यापासून कुणाला सांगायला नको. घोळ होतो तो जारवा आणि ग्रेट अंडमानी या दोघांत. बाराटांग बेटाच्या सहलीचा रस्ता जारवांच्या जंगलातून जातो; जिरकाटांगच्या नाक्यावर पहाटे गाड्यांची रांग लागते, काचा बंद करायला सांगतात, फोटोला मनाई असते. आणि गाडीत हमखास कुणीतरी हळहळतं, ‘यांची शेवटची म्हातारी वारली ना हो?’

ती म्हातारी जारवा नव्हती. बोआ सीनियर ग्रेट अंडमानी होती. बो भाषेत बोलायला कुणीच उरलं नाही, म्हणून ती पाखरांशी बोलायची. २०१० मध्ये ती गेली आणि भाषाही गेली.

दोघांच्या भाषा वेगळ्या, मुलूख वेगळा, हे एकदा वाचलं की कळतं. लोक अडखळतात ते पुढे. इंग्रजांशी वैर धरलं म्हणून अंडमानचे आदिवासी संपले, असं बहुतेकांना वाटतं. घडलं नेमकं उलटं. इंग्रजांनी १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत वसवली, तेव्हा ग्रेट अंडमानी हजारोंनी होते. १८५९ मध्ये पोर्ट ब्लेअरच्या ॲबरडीनला ते लढले आणि बंदुकांपुढे हरले. मग इंग्रजांनी त्यांना जवळ केलं. १८६३ मध्ये रॉस बेटावर त्यांना ठेवायला ‘अंडमान होम’ उघडलं, पळालेले कैदी शोधायला आणि जारवांच्या मागावर त्यांनाच धाडलं. या जवळिकीतून गरमीचा रोग (सिफिलिस) आला, १८७७ मध्ये गोवराची साथ आली. होममध्ये जन्मलेल्या सुमारे दीडशे बाळांपैकी एकही दोन वर्षांपलीकडे जगलं नाही. आपण ज्या सेल्युलर जेलपुढे हात जोडतो, त्याचं बांधकाम चालू असताना, १९०१ च्या जनगणनेत ते ६२५ उरले होते. १९६१ मध्ये १९.

जारवा जंगलात मागे सरकत राहिले आणि १९९७-९८ पर्यंत बाण रोखूनच होते. त्यांना ‘रानटी’ म्हणणाऱ्यांचा मला मनापासून राग येतो; त्या बाणांनीच त्यांची लेकरं वाचवली. २००१ मध्ये ते २४० मोजले गेले, २०११ मध्ये ३८०.

आणि कृपा करून ग्रेट अंडमानींना ‘नामशेष’ लिहू नका. २०११ मध्ये ते ४४ होते. स्ट्रेट बेटावर, पोर्ट ब्लेअरमध्ये (आताचं श्री विजयपुरम) राहतात, घरात हिंदी बोलतात. भाषा गेली, माणसं आहेत.

जारवांच्या जंगलातून जाणाऱ्या त्या रस्त्यावर पर्यटकांच्या गाड्या नकोतच, असं माझं स्पष्ट मत आहे. जारवा बाहेर येऊ लागले आणि १९९९ मध्ये त्यांच्यातही गोवर पसरला.