विजयदुर्गच्या खाडीतील आग : एका आटोपशीर भागाची पार्श्वभूमी

या ऐतिहासिक रहस्यमालिकेचे आधीचे भाग बंदरामागून बंदर पालथे घालीत गेले. नव्या भागाने मात्र विजयदुर्ग, वाघोटणची खाडी आणि फेब्रुवारी १७५६मधील दोन दिवस एवढाच पट घेतला आहे. माझ्या मते हा निर्णय योग्य आहे, कारण मराठ्यांचे समुद्री सरदार असलेल्या आंग्र्यांच्या आरमाराचा प्रश्न खरोखर त्या खाडीतच अडकलेला आहे.

कान्होजी आंग्र्यांची कारकीर्द वाचकांना परिचित आहे. १७२९मध्ये त्यांचे निधन झाले आणि पुढे घरात फूट पडून कुलाबा व विजयदुर्ग ही ठाणी वेगळी झाली. विजयदुर्गावर आलेले त्यांचे पुत्र तुळाजी पेशव्यांची सत्ता मानीत नव्हते. १७५५मध्ये पेशव्यांनी त्यांच्याविरुद्ध मुंबईकर इंग्रजांशी करार केला आणि त्याच वर्षी तुळाजींचा सुवर्णदुर्ग किल्ला पडला.

'पेशव्यांनी मराठ्यांचे आरमार बुडवले' हे वाक्य कोकणात आजही ऐकू येते, आणि कथेचा सगळा ताण त्याच आरोपावर उभा आहे. पेशव्यांच्या बाजूने असे म्हणता येते की, खंडणी न देणाऱ्या आणि हुकूम न जुमानणाऱ्या सरदाराला वठणीवर आणणे हे राज्यकर्त्याचे कामच होते. शिवाय आरमार जाळण्याचे कलम करारात नव्हते. पुढे पेशव्यांचे आरमारप्रमुख धुळप यांच्या हाताखाली विजयदुर्गाहूनच पेशव्यांचे आरमार चालले आणि १७८३मध्ये त्याने इंग्रजांशी झुंजही दिली, त्यामुळे 'बुडवले' हा शब्द अतिरेकी ठरतो. तरीही घरातला तंटा मिटवण्यासाठी समुद्रावरच्या प्रतिस्पर्ध्याला खाडीच्या तोंडाशी आणून उभे करणे, ही चूक कोणत्याही खुलाशाने लहान होत नाही. मुंबई सोडण्यापूर्वीच इंग्रज अधिकाऱ्यांनी लुटीची वाटणी आपसांत ठरवली होती आणि तीत मराठ्यांचा वाटा नव्हता, ही एकच नोंद पुरेशी बोलकी आहे.

तुळाजी तडजोडीसाठी मराठ्यांच्या छावणीत गेलेले असताना इंग्रजांच्या तोफा सुरू झाल्या. किल्ल्याच्या आश्रयाला गुराबा (तोफा असलेली लढाऊ जहाजे) आणि गलबते एकमेकांना खेटून नांगरलेली होती. सागवानी लाकूड, काथ्याचे दोर आणि उन्हात वाळलेली शिडे अशी ती रांग. त्यांतल्या एका जहाजावर गोळा पडून आग लागली आणि थोड्याच वेळात ती सगळ्या काफिल्यात पसरली. १३ फेब्रुवारीला किल्ला इंग्रजांच्या हाती गेला. आत सुमारे १० लाख रुपयांची लूट सापडली. करारानुसार किल्ला पेशव्यांना मिळायचा होता, पण तो ऑक्टोबरमधील पुण्याच्या तहानंतरच मिळाला, आणि बाणकोटचा किल्ला इंग्रजांकडे राहिला. तुळाजींचे उरलेले आयुष्य कैदेत गेले.

वेगाने वार करून निसटणे हेच ज्या गुराबांचे बळ, त्या खुल्या समुद्रात न जाता किल्ल्याखाली का थांबल्या, येथूनच कथा सुरू होते. जे जहाज आधी पेटले, ते आंग्र्यांनी पूर्वी इंग्रजांच्या ईस्ट इंडिया कंपनीकडूनच जिंकून आणलेले होते.