बाहुबली बर्गर खातं तरी कोण?

सोलापुरात सात रस्त्याजवळच्या एका गाड्यावर परवा संध्याकाळी जेवणाच्या ताटाएवढा बर्गर पाहिला. चार टिक्क्या, मेयोचे ओघळ, वर किसलेल्या चीजचा ढीग, आणि हा डोलारा कोसळू नये म्हणून मधोमध खुपसलेली बांबूची काडी. ऑर्डर कॉलेजच्या पाच पोरांची. पहिली तीन-चार मिनिटं कुणी हातच लावला नाही, कारण व्हिडिओ चालू होता. मग सुरी आली, फोडी झाल्या, आणि शेवटी, "मामा, उरलेलं पार्सल करा की." एकट्यानं खाणारा कधी बघितलाय का, असं गाडेवाल्याला विचारलं तर तो हसला. "एकटा माणूस वडापाव घेतो, साहेब."

बर्गरचा धंदा मुळात याच वडापावच्या मापाचा. अमेरिकेतल्या विचिटा शहरात 1921 साली व्हाइट कॅसल सुरू झालं, तेव्हा तिथे पाच सेंटला मिळायचा तो दोन-चार घासांत संपणारा चौकोनी बर्गर. पोट भरायचं तर माणूस तीन-चार घ्यायचा. मजल्यांची कल्पना चेष्टेतून निघाली. कॅलिफोर्नियात ग्लेंडेलला बॉब वायन याचं छोटं हॉटेल होतं. 1937 मध्ये तिथे नेहमी येणाऱ्या बँडवाल्यांनी 'आज काहीतरी वेगळं दे' म्हटलं. त्यानं गंमत म्हणून पावाचे तीन काप केले आणि मध्ये दोन टिक्क्या घातल्या. म्हणजे दुमजली बर्गरचं पहिलं गिऱ्हाईकही टोळकंच.

इथून पुढे मात्र मोठेपणाच्या दोन वाटा फुटतात, आणि आपण त्या सारख्याच एकमेकींत मिसळतो.

पहिली वाट गुपचूप मोठं होण्याची. डेव्हिड वॉलरस्टीन हा शिकागोकडचा थिएटरवाला. त्याच्या लक्षात आलं की पॉपकॉर्नची दुसरी पिशवी मागायला लोक लाजतात, चारचौघांत खादाड दिसू नये म्हणून. तीच एक मोठी पिशवी दिली तर तळ गाठतात. पुढे तो मॅकडोनाल्ड्सच्या संचालक मंडळावर गेला आणि मोठ्या फ्राइजसाठी त्यानं हाच आग्रह धरला. तिथली 'सुपर साइज'ची सोय बंद व्हायला 2004 उजाडलं. आहार-संशोधक बार्बरा रोल्स यांनी 2002 मध्ये प्रसिद्ध केलेल्या प्रयोगात चीज-मॅकरोनीचं वाढप दुप्पट केल्यावर माणसं सुमारे 30 टक्के जास्त जेवली. हे मोठेपण खरोखर खाल्लं जातं. एकट्यानं, आणि फोटो न काढता.

दुसरी वाट मिरवण्याची. टेक्सासमधल्या अमारिलोत 'बिग टेक्सन' नावाचं हॉटेल 1960 पासून आहे. 72 औंसांचा, म्हणजे दोन किलोंहून थोडा जास्त, मांसाचा तुकडा सोबतच्या बटाटा-सॅलडसकट तासाभरात संपवा, बिल माफ. नाही संपला तर पैसे मोजा. आणि जिंकतं कोण? आपल्या डोळ्यांसमोर तालमीतला गडी येतो. पण 2015 मध्ये मॉली शायलर या किरकोळ अंगाच्या बाईनं असे तीन तुकडे वीस मिनिटांत संपवले. न्यूयॉर्कमधल्या कोनी आयलंडच्या हॉट डॉग खाण्याच्या स्पर्धेत 2001 साली ताकेरू कोबायाशीनं 50 खाऊन आधीचा विक्रम थेट दुप्पट केला, तोही शिडशिडीत. सवयीनं पोट ताणता येतं, देहाचा घेर बघून काही कळत नाही.

आपल्याकडे पैज लावून खाणं नवं नव्हेच. बकासुराचा गाडाभर भात भीमानं आधी संपवला आणि मग त्याच्याशी कुस्ती केली, ही गोष्ट ऐकतच आपण मोठे झालो. लग्नाच्या पंगतीत जिलेब्यांच्या पैजा लागायच्या. पण तेव्हा पदार्थ नेहमीच्याच आकाराचा असे, मोठा असायचा तो खाणारा. आता हे उलटं झालंय. 1996 मध्ये मॅकडोनाल्ड्स भारतात आलं, 2015 मध्ये 'बाहुबली' पडद्यावर आला, आणि त्याचं नाव थाळीपासून डोशापर्यंत सगळ्याला चिकटलं. आमच्या सोलापुरात कडक भाकरी आणि शेंगाचटणी ही खरी झटपट न्याहारी. फडक्यात बांधून कुठेही न्यावी, आठवडाभर टिकते. तिला कुणी बाहुबली केलेलं मी अजून पाहिलं नाही.

तरी सोलापूरकर यात मागे आहेत असं समजू नका. 2021 च्या सुरुवातीला पुण्याजवळ वडगाव मावळच्या एका हॉटेलानं 'बुलेट थाळी' काढली: चार किलोंच्या घरातली मांसाहारी थाळी, दर अडीच हजार, एकट्यानं साठ मिनिटांत संपवली तर बुलेट बक्षीस. कितीतरी जण सुरमई-पापलेटपाशीच हात टेकायचे. ज्यानं मटण, तंदुरी आणि कोळंबी बिर्याणीसकट ताट रिकामं करून गाडीची चावी घेतली, तो सोलापूरचाच निघाला.