छोटी माकुल मिळाली म्हणजे मोठी संपली?

“ट्रॉलरला छोटीच माकुल (स्क्विड) मिळते, म्हणजे समुद्रातली मोठी संपली” असा मजकूर अधूनमधून फिरतो. शंका रास्त आहे, निष्कर्ष मात्र घाईचा.

ट्रॉलर म्हणजे जाळं ओढत नेणारी बोट; तिचं ट्रॉल जाळं बहुधा तळालगत ओढतात. माकुल दिवसा तळाशी असते आणि रात्री वर येते, म्हणून त्याच जागी रात्री ओढलेलं जाळं कमी भरू शकतं. मोठी माकुल अंगातलं पाणी जोरात फेकत मागे सुटते आणि जाळ्याच्या तोंडातूनच निसटते. अगदी बारकी जाळ्याच्या शेवटच्या पिशवीच्या आसातून (जाळीच्या भोकातून) गळते. उलट रात्री दिव्याखाली सोडलेल्या नकली कोळंबीच्या गळाला (खाली काट्यांचा झुबकाच असतो) सहसा मोठी, भुकेली माकुल लागते. दोन्ही नमुने एकांगीच!

पडताळायचं तर एकाच बंदरावर, एकाच आठवड्यात आलेली ट्रॉलची आणि गळाची माकुल घ्या. डोकं-हात सोडून फक्त धडाची लांबी मोजा. सरासरीत फरक दिसला, तर तो साधनाचा असू शकतो.

माकुल खरंच घटली का, हे ठरवायला तेच जाळं, तोच आस, तोच हंगाम आणि ओढीचे तास यांची वर्षानुवर्षांची नोंद लागते. नुसत्या किलोंवर भागत नाही.