पन्नास मीटर दूरचा साथीदार

व्हिडिओ कॉलवर दोघांनी मिळून टाळ्या वाजवून पाहा. थोड्याच वेळात ठेका रेंगाळू लागतो आणि दोघांनाही समोरचाच मागे पडतोय असं वाटतं. महाविद्यालयात संगीत ऑनलाइन शिकवता येईल का, या वादाचं निम्मं उत्तर मला या टाळ्यांत दिसतं.

आवाज हवेतून सेकंदाला सुमारे ३४३ मीटर जातो; एका मिलिसेकंदात जेमतेम ३४ सेंटीमीटर. म्हणजे खोलीत तीन मीटरवर बसलेल्याचा सूरही ९ मिलिसेकंद उशिराच पोचतो. तेवढं कानाला चालतं. हा उशीर साधारण २५ मिलिसेकंदांपुढे गेला, की एकत्र वाजवणाऱ्यांची लय मंदावते, असं प्रयोगांत दिसलं आहे. (गंमत म्हणजे उशीर फारच कमी असेल, तर लय उलट चढत जाते!) नेहमीच्या व्हिडिओ कॉलमध्ये १५० मिलिसेकंद सहज लागतात. पडद्यावर हातभर अंतरावर दिसणारा साथीदार कानाच्या हिशेबाने पन्नास मीटर लांब असतो.

यात तारांचा दोष कमीच. काचतंतूतून प्रकाश हजार किलोमीटर सुमारे ५ मिलिसेकंदांत कापतो. बराच वेळ जातो तो आवाजाचे तुकडे करण्यात, ते आकसण्यात आणि मागे राहिलेल्या तुकड्यांची वाट पाहण्यात. स्टॅनफर्ड विद्यापीठातली जॅकट्रिप किंवा इटलीत त्रिएस्तेच्या संगीत महाविद्यालयातून आलेली लोला ही दूरवरून एकत्र वाजवण्यासाठीची सॉफ्टवेअर एवढी खटपट करत नाहीत, म्हणून उशीर कमी होतो. मात्र त्यांना वेगवान, स्थिर जोडणी हवी.

दुसरी अडचण अधिक चमत्कारिक आहे. कॉलचं सॉफ्टवेअर बोलण्यासाठी घडवलेलं असतं. लांबवलेला संथ स्वर त्याला पंख्याची घरघर वाटू शकतो आणि ते तो पुसून टाकतं. हलका आवाज वर उचलतं, मोठा खाली दाबतं. शिक्षक म्हणतात, ‘इथे हळू घे’. विद्यार्थी हळू घेतोही, पण तिकडे फरक ऐकूच जात नाही. काही सॉफ्टवेअरमध्ये ही सफाई बंद करता येते. ती केल्याशिवाय गाण्याचा तास घेऊच नये.

संगीताचा इतिहास, स्वरलेखन, दोन स्वरांमधलं अंतर ओळखण्याचा सराव यांचं मात्र उशिराने काही बिघडत नाही. उलट पुन्हा पुन्हा, स्वतःच्या गतीने ऐकता येणं इथे फायद्याचंच. स्वतःचं वादन ध्वनिमुद्रित करून पाठवणाऱ्याला ते आधी स्वतः ऐकावं लागतं, हा लाभ वेगळाच.

मग वर्गातलं आणि ऑनलाइन शिक्षण यांची तुलना करणाऱ्या अभ्यासांचं काय? अमेरिकेच्या शिक्षण खात्याने २०१० मध्ये विविध विषयांतल्या अभ्यासांचा आढावा घेतला. त्यात वर्ग आणि ऑनलाइन यांचा मिलाफ नुसत्या वर्गापेक्षा सरस ठरला. पण अशा विद्यार्थ्यांना बहुतेकदा जादा वेळ आणि जादा साहित्यही मिळालं होतं, हे त्याच अहवालात नोंदलं आहे. शिवाय ऑनलाइन कोण निवडतं आणि मध्येच कोण सोडून जातं, यावरही आकडे हलतात. त्याहून मोठा प्रश्न परीक्षेचा. लेखी परीक्षेत दोन्ही गटांना सारखे गुण पडले, तर नवल काय? त्या परीक्षेत कुणी कुणाबरोबर वाजवलेलंच नसतं.