प्रेरित बहुक्षम मूलपेशी

शरीरातील पूर्ण वाढ झालेल्या पेशीत काही मोजकी जनुके जागी करून तिला भ्रूणातील सुरुवातीच्या पेशीसारखी अवस्था पुन्हा दिली, की तिला प्रेरित बहुक्षम मूलपेशी म्हणतात. ‘आयपीएस पेशी’ हे तिचे सुटसुटीत नाव. त्वचेचा छोटा तुकडा किंवा थोडे रक्त एवढ्यावर ती तयार करता येते. संवर्धनात ती वाढत राहते आणि योग्य रसायने योग्य क्रमाने दिली तर तिच्यापासून चेतापेशी, हृदयस्नायूच्या पेशी, यकृतपेशी अशा शरीरातील जवळपास कोणत्याही प्रकारच्या पेशी घडतात.

एकदा पेशी त्वचेची किंवा आतड्याची झाली की तिला मागे फिरता येत नाही, असे जीवशास्त्रज्ञ बराच काळ धरून चालले होते. ब्रिटिश जीवशास्त्रज्ञ जॉन गर्डन यांनी १९६२ मध्ये बेडकाच्या पिल्लाच्या आतड्यातील पेशीचे केंद्रक बेडकाच्या अंड्यात घातले आणि त्यातून पोहणारी पिल्ले निपजली. म्हणजे आतड्याच्या पेशीत सगळा जीव घडवण्याची माहिती शाबूत होती; तिचा बराचसा भाग फक्त वाचला जात नव्हता. पुढे १९९८ मध्ये मानवी भ्रूणातून मूलपेशी वेगळ्या करता आल्या, पण त्यासाठी भ्रूण नष्ट करावा लागे. त्यावरून अनेक देशांत तीव्र नैतिक वाद झाले आणि संशोधनावर निर्बंधही आले.

जपानमधील क्योतो विद्यापीठातील शिन्या यामानाका आणि काझुतोशी ताकाहाशी यांनी हा पेच वेगळ्या बाजूने सोडवला. भ्रूणीय मूलपेशींत महत्त्वाची वाटणारी २४ जनुके त्यांनी निवडली आणि विषाणूंच्या मदतीने ती सगळी एकदम उंदराच्या संयोजी ऊतीतील पेशींत सोडली. मूलपेशींसारख्या वसाहती दिसू लागल्या. मग एका वेळी एक जनुक वगळून उरलेल्या २३ जनुकांनिशी प्रयोग पुन्हा करायचा, असा धीराचा मार्ग त्यांनी धरला. जे वगळताच वसाहती दिसेनाशा होतात, ते जनुक आवश्यक. अशी गाळणी करत शेवटी चारच जनुके उरली: ऑक्ट३/४, सॉक्स२, केएलएफ४ आणि सी-मिक. हे संशोधन २००६ मध्ये प्रसिद्ध झाले. पुढच्याच वर्षी यामानाका यांच्या गटाने आणि अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटाने मानवी पेशींवर तेच साधले. गर्डन आणि यामानाका यांना २०१२ चे वैद्यकशास्त्राचे नोबेल पारितोषिक विभागून मिळाले. इतक्या गुंतागुंतीच्या बदलाला चार जनुके पुरावीत, हे आजही थक्क करणारे आहे.

या चौकडीतच एक धोका दडलेला होता. सी-मिक हे कर्करोगाशी संबंधित जनुक आहे आणि विषाणू ते पेशीच्या डीएनएत कायमचे रोवून ठेवत. अशा पेशींपासून जन्मलेल्या उंदरांच्या पिढीत सुमारे पाचातल्या एकाला गाठी झाल्या. म्हणून पुढे डीएनएत न मिसळणारे सेंदाई विषाणू, प्लाझ्मिड (डीएनएची छोटी वर्तुळे) किंवा आरएनए वापरण्याच्या पद्धती आल्या. दुसरी अडचण अशी, की रूपांतर न झालेल्या थोड्या मूलपेशी जरी रोपणात राहून गेल्या, तरी त्यांच्यापासून अनेक प्रकारच्या ऊतींची सरमिसळ असलेली गाठ वाढू शकते. त्यामुळे रोपणापूर्वीची शुद्धता तपासणी उपचाराइतकीच महत्त्वाची असते.

रोपणाची चर्चा सर्वाधिक होते. पण आजवरचा भरवशाचा लाभ रोगाच्या अभ्यासात झाला आहे. जिवंत माणसाच्या मेंदूतील चेतापेशी काढून तपासणे शक्य नसते. त्याच रुग्णाच्या रक्तापासून आयपीएस पेशी आणि त्यांपासून चेतापेशी बनवल्या, तर त्याच्या जनुकीय दोषासह रोग काचेच्या बशीत उलगडताना पाहता येतो. हृदयस्नायूच्या पेशी तर बशीत लयीत आकुंचन पावतात. त्यांची लय बिघडते का हे पाहून नव्या औषधाचा हृदयाला होणारा धोका आधीच ओळखता येतो. जपानमधील केइओ विद्यापीठात एएलएस या चेतारोगाच्या रुग्णांपासून बनवलेल्या चेतापेशींवर बाराशेहून अधिक औषधे तपासली गेली. त्यातून कंपवातासाठी आधीपासून वापरात असलेले रोपिनिरोल पुढे आले आणि त्याची एका छोट्या रुग्णगटावर चाचणीही झाली.

पहिले रोपण सप्टेंबर २०१४ मध्ये जपानमधील कोबे येथे झाले. नेत्रतज्ज्ञ मासायो ताकाहाशी यांच्या पुढाकाराने, वयोमानाने दृष्टिपटलाचा मध्यभाग झिजलेल्या सत्तरीतील एका स्त्रीच्या त्वचेच्या पेशींपासून दृष्टिपटलामागील रंजकपेशींचा १.३ मिलिमीटर रुंद आणि ३ मिलिमीटर लांब पापुद्रा वाढवून तो तिच्या डोळ्यात बसवला गेला. नजर सुधारली नाही, पण पुढच्या वर्षभरात खालावलीही नाही, आणि गाठ झाली नाही. दुसऱ्या रुग्णाच्या पेशींत मात्र जनुकीय बदल आढळले आणि ते रोपण थांबवण्यात आले. तो निर्णय योग्यच होता.

त्यानंतरची वाटचाल सावध पण खरी आहे. क्योतोमध्ये कंपवाताच्या सात रुग्णांच्या मेंदूत दात्याच्या आयपीएस पेशींपासून बनवलेल्या, डोपामाइन तयार करणाऱ्या चेतापेशींच्या पूर्वपेशी सोडण्यात आल्या. २०२५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांनुसार दोन वर्षांत गंभीर दुष्परिणाम झाले नाहीत आणि परिणामकारकता तपासलेल्या सहांपैकी चौघांच्या हालचालींत सुधारणा दिसली. चीनमधील तिआनजिन येथे टाइप १ मधुमेहाच्या (ज्यात प्रतिकारशक्तीच इन्सुलिन बनवणाऱ्या पेशी नष्ट करते) एका तरुणीच्या स्वतःच्या पेशी रसायनांच्या साहाय्याने मागे नेऊन त्यांपासून स्वादुपिंडातील इन्सुलिननिर्मिती करणारे पेशीपुंज बनवले आणि पोटाच्या स्नायूच्या आवरणाखाली ठेवले. ७५ दिवसांनी तिला बाहेरून इन्सुलिन घेण्याची गरज उरली नाही. मात्र यकृतरोपणामुळे ती प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे आधीपासूनच घेत होती, त्यामुळे अशा औषधांशिवाय या पेशी तिच्या शरीरात टिकल्या असत्या का, हे या एका उदाहरणावरून ठरत नाही.

प्रत्येक रुग्णासाठी त्याच्याच पेशी वाढवायच्या तर अनेक महिने जातात आणि खर्च प्रचंड होतो. म्हणून क्योतोतील आयपीएस पेशी संशोधन केंद्राने आईवडील दोघांकडून सारखीच ऊतीओळख (जिच्यावरून प्रतिकारशक्ती आपली आणि परकी पेशी ओळखते त्या खुणा) वारशाने मिळालेल्या दात्यांच्या पेशींचा साठा उभारला. असा एक दाता पुष्कळ लोकांशी जुळतो. जनुक संपादनाने पेशीवरील ओळखखुणाच काढून टाकायच्या, म्हणजे एकच वाण बहुतेकांना चालेल, या दिशेनेही काम सुरू आहे.